दाराचं क्रोम हँडल खोलण्याआधी

खंडेनवमीला गाडीची पूजा आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघायला जायचं, असा बेत असेल तर पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडरची हँडलं नव्यानं क्रोम करून घ्यायला गणपतीच्या आधीच उतरवा. दसरा तोंडावर आला की क्रोमिंगवाले कुणाला दाद देत नाहीत. हँडलं उतरवाल तेव्हा पाऊस असणारच आणि दाराला भोक राहणार, म्हणून गाडीला छप्पर, जाड प्लॅस्टिक आणि मास्किंग टेप आधी बघून ठेवा.

पाना हातात घेण्याआधी उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, प्लेटिंगवाल्याकडे एक चक्कर मारा. जाताना खिशात लोहचुंबक असू द्या आणि निघण्यापूर्वी तो हँडलला लावून बघा. चिकटला नाही तर हँडल पितळेचं किंवा जस्ताच्या ओतकामाचं. खोलल्यावर आतल्या बाजूला कानशीने जरा घासलं की पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्त. क्रोमवर बारीक फोड आले असतील तर संशय जस्तावरच घ्यायचा. हे प्लेटिंगवाल्याला तोंडाने सांगायचं, नुसतं हँडल टेबलावर ठेवून यायचं नाही. बंपरसारखं लोखंड समजून त्यानं ते कडक ॲसिडमध्ये सोडलं तर जस्त खाऊन जातं. जस्तावर आधी सायनाईड बाथमधला (सायनाईडच्या द्रावणाच्या टाकीतला) तांब्याचा थर लागतो, खड्डे भरून बफिंग (चाकावर घासून पॉलिश) होतं, मग निकेल आणि शेवटी क्रोम. क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्यामुळे खड्डा झाकणं त्याच्या आवाक्यातलं नाही. ‘तांबं किती चढवता?’ असं विचारल्यावर समोरचा गडबडला तर दुसरं दुकान बघा. आणि गॅस टॉर्च जवळ आणू देऊ नका. हे ओतकाम ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतं.

हँडलचं दाबायचं बटण जिथं सरकतं ते भोक आणि कुलपाची जागा प्लेटिंगमधून वगळायला सांगा. तिथं थर चढला की बटण अडकतं. कुलूप, स्प्रिंग, पिना काढूनच द्यायच्या, आणि कुलपाला हात लावण्याआधी किल्लीची डुप्लिकेट करून ठेवा. डावं-उजवं वेगळं असतं, तेव्हा प्रत्येक हँडलला दोऱ्यानं पत्र्याची खूणपट्टी बांधा. कागदाची चिठ्ठी तिथल्या टाक्यांत टिकत नाही.

हत्यारांत फियाटच्या वंशाच्या पद्मिनीला मिलिमीटरचे पाने लागतात, मॉरिसवरून आलेल्या ॲम्बॅसिडरला इंची. दोन्ही सेट नसतील तर शेजाऱ्याकडून आणा, पक्कडीनं नट गोल करू नका. नटावर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारायचं.

काच पूर्ण वर करा, नाहीतर आत हात जाणार नाही. मग काच फिरवायचं हँडल (पिनवर असेल किंवा क्लिपवर, मागची चकती दाबून बघा) आणि आतलं पॅनेल काढा. कोल्हापूरच्या पावसात हार्डबोर्ड फुगलेला असतो, क्लिपा मोडतातच. जास्तीच्या क्लिपा आणून ठेवा. दाराच्या तळाला जुनी चादर कोंबा. नट पडला की तो नेमका कोपऱ्यात जातो. गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी असेल तर त्या तळाला वाळका गाळ मिळेलच. पाणी जायची भोकं याच वेळी तारेनं मोकळी करा.

बाहेर हँडलभोवती रंगावर टेप, आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो. बटणामागच्या स्क्रूला हात लावण्याआधी त्याची लांबी मोजून लिहून ठेवा, बसवताना सेटिंग त्यावरूनच करायचं आहे. हँडलखालचं जुनं रबर फाटलं तरी फेकू नका, नवीन कापायला तोच नमुना.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: आतलं-बाहेरचं दोन्ही हँडल निघालेलं असेल तर दार ढकलून लावायचं नाही. पोरं आधी तेच करतात, म्हणून कुलपाच्या तोंडाशी कापडाची घडी बांधून ठेवलेली बरी.