चालती गाडी बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

चालता चालता गाडी बंद पडली की बहुतेक चालक एकच गोष्ट करतात : बॅटरी उतरेपर्यंत किल्ली फिरवत राहतात. या धडपडीत बॅटरी तर जातेच, पण त्याहून मोठे नुकसान असे की दोष ओळखण्याच्या खुणाही पुसल्या जातात. बंद पडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत गाडी जे सांगते, ते नंतर गॅरेजमध्ये थंड झालेले इंजिन सांगेलच असे नाही. त्यामुळे किल्ली कमी फिरवावी आणि डोळे, कान व नाक अधिक वापरावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुढील क्रम मुख्यतः फ्यूएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारले जाते अशा, पेट्रोल गाडीसाठी आहे. डिझेल आणि सीएनजीबद्दल शेवटाकडे लिहिले आहे.

पहिली पायरी : गाडी सुरक्षित थांबवा

इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी मदत मात्र लगेच संपत नाही. बूस्टरमध्ये साठलेल्या निर्वातामुळे दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो. म्हणून पेडल वारंवार न दाबता एकदाच दाबून धरावे, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण किल्ली काढल्यास स्टिअरिंग लॉक होऊ शकते. गाडी डावीकडे घेऊन हॅझर्ड दिवे लावावेत आणि परावर्तक त्रिकोण साधारण 50 मीटर मागे ठेवावा. घाटात तो वळणाच्या अलीकडे हवा, नाहीतर मागून येणाऱ्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. द्रुतगती मार्गावर सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

दुसरी पायरी : गाडी कशी बंद पडली ते आठवा

निम्मे निदान इथेच होते. दिव्याचे बटण दाबावे तसे इंजिन क्षणात थांबले असेल, तर दोष बहुधा विजेचा असतो : एखादा सेन्सर, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), फ्यूज किंवा बॅटरीचे सैल झालेले टर्मिनल. चढावर ताकद कमी होत, हिसके देत गाडी थांबली असेल, तर इंधन पुरेसे पोहोचत नव्हते असे समजावे. बंद पडण्याआधी बॅटरीचा लाल दिवा लागला होता, हेडलाइट मंदावले होते, वायपर रेंगाळत होते, असे आठवत असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारे यंत्र, चार्जिंग करत नव्हता आणि गाडी उरल्यासुरल्या बॅटरीवर धावत होती. अशा गाडीला दुसऱ्या गाडीवरून करंट दिल्यास ती सुरू होईल, पण काही किलोमीटरांवर पुन्हा थांबेल. त्या भरवशावर घाट चढू नये.

तिसरी पायरी : किल्ली ‘ऑन’वर आणा, पण सेल्फ मारू नका

आता एसी, पंखा आणि रेडिओ बंद करून शांतता करावी. किल्ली ‘ऑन’ केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. तो मुळीच लागला नाही, तर इंजिनच्या संगणकाला वीजच मिळत नाही, म्हणजे मुख्य फ्यूज किंवा मुख्य रिले तपासावा लागेल. किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह सतत लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने, किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली असल्यास ती वापरून पाहावी.

याच वेळी मागच्या सीटखालून, टाकीच्या बाजूने, दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो फ्यूएल पंपाचा आवाज असतो. आवाज आला नाही, तर आधी पंपाचा फ्यूज पाहावा. नंतर पंपाचा रिले काढून त्याच जागी तंतोतंत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, लावून पाहावा. कोणता रिले कशाचा हे फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मालकाच्या पुस्तिकेत असते. रिले बदलताच गुणगुण सुरू झाली, तर दोष तिथेच सापडला. तरीही पंप गप्प राहिला, तर पंप किंवा त्याची वायरिंग गेली आहे आणि गाडी टो करून नेणे भाग आहे.

चौथी पायरी : फक्त पाच सेकंद सेल्फ मारा आणि ऐका

नुसतेच ‘टक्’ किंवा ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर बॉनेट उघडून बॅटरीची टर्मिनल हाताने हलवून पाहावीत. पांढरट-हिरवा क्षार साचलेले किंवा सैल टर्मिनल हे अगदी नेहमीचे कारण आहे. मल्टिमीटर असल्यास भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना आकडा 10 च्या बराच खाली जात असेल तर ती दुबळी आहे. काहीच आवाज आला नाही, तर क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, हे आधी पाहावे.

इंजिन नेहमीच्या लयीत फिरते पण पेट घेत नाही, हा सर्वांत चकवा देणारा प्रकार. या वेळी आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. एरवी सेल्फ मारताना काटा थोडा हलत असेल आणि आता शून्यावरच चिकटून राहिला असेल, तर संशय क्रँक पोझिशन सेन्सरवर जातो. इंजिन कोणत्या क्षणी कुठे आहे हे हा सेन्सर सांगतो. त्याचा संदेश थांबला की संगणक ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही फवारत नाही. हा सेन्सर बिघडू लागला की बऱ्याचदा तापल्यावर दगा देतो आणि अर्ध्या तासाने थंड झाला की काही झालेच नाही अशा थाटात गाडी सुरू होते.

पूर्वी कार्ब्युरेटरच्या पद्मिनी आणि अँबॅसडर घाटात अशाच बंद पडत. पेट्रोलची वाफ होऊन पंप अडत असे, म्हणून चालक पंपावर ओले फडके ठेवत, आणि तो उपाय तेव्हा बरोबरही होता. आजच्या पंप टाकीत असलेल्या, सुमारे 3 बार दाबावर इंधन पाठवणाऱ्या गाडीला त्या फडक्याचा उपयोग नाही. लक्षण तेच असले तरी कारण बदलले आहे. थांबल्यावर गाडी सुरू झाली म्हणजे दोष गेला, असे मानून पुढचा लांबचा प्रवास आखू नये.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर आधी गाडीखाली गळती नाही ना हे पाहावे; गळती दिसल्यास किल्लीला हात लावू नये. गळती नसेल तर इंजिन ‘फ्लड’ झाले असावे. अशा वेळी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारल्यास बहुतेक गाड्यांत इंजेक्टर बंद राहतात आणि जास्तीचे पेट्रोल बाहेर पडते.

इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर आणि अडथळ्याविना फिरत असेल, तर तिथेच थांबावे. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची लय जुळवणारा पट्टा, तुटल्याची ही खूण असू शकते. तो तुटल्यावर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात; धक्का मारून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास नुकसान आणखी वाढते.

पाण्यात बंद पडली असेल तर

इथे एकच नियम आहे : सेल्फ मारू नये, एकदाही नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यात सेल्फ मारून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा धरले जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून गाडी टो करावी.

डिझेल आणि सीएनजी

डिझेल गाडीत आधी फिल्टरमधील पाण्याचा इशारा देणारा दिवा पाहावा. टाकी रिकामी होऊन गाडी थांबली असेल, तर नळीत हवा शिरलेली असते. फिल्टरवर हातपंप असल्यास तो घट्ट होईपर्यंत दाबावा. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या, नळ्या मात्र स्वतः सैल करू नयेत, कारण चालू इंजिनात तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. सीएनजी गाडी बंद पडल्यास स्विच पेट्रोलवर करून पाहावे. ती सुरू झाली तर दोष गॅसच्या बाजूला आहे. गॅसचा वास येत असेल, तर स्विचला किंवा किल्लीला हात न लावता सर्वांना दूर करावे, आणि शक्य असल्यास सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करावा.

मेकॅनिकला काय सांगावे

डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची तपासणी करण्याची जोडणी) छोटा स्कॅनर जोडून संगणकाने नोंदवलेल्या दोषाचा कोड वाचता येतो. पी0335 हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, तर पी0230 फ्यूएल पंपाच्या सर्किटचा कोड आहे. कोड आधी लिहून घ्यावा, पुसू नये, आणि कोड आला म्हणून लगेच सुटा भाग विकत घेऊ नये; तुटलेल्या तारेमुळेही तोच कोड येतो. कोडखाली आपली निरीक्षणे लिहावीत : गाडी एकदम थांबली की हिसके देत, इंजिन किती वेळ चालले होते, टाकीत इंधन किती होते, पंपाचा आवाज आला का, आरपीएमचा काटा हलला का, आणि किती मिनिटांनी पुन्हा सुरू झाली. हा कागद पाहिलेला मेकॅनिक अंदाजाने एकामागून एक भाग बदलत बसत नाही. तो थेट योग्य कनेक्टर उघडतो.