आम्ल-आम्लारी आणि ज्वलनाचे प्रयोग: या चुका टाळा

पुस्तकात दिलेला रंग आला नाही की वहीत पुस्तकातलाच रंग लिहून मोकळं व्हायचं, ही प्रयोगशाळेतली सर्वांत वाईट सवय. रंग न येण्याला बहुतेक वेळा साधंच कारण असतं आणि ते शोधलं तर सापडतं.

मॅग्नेशिअमची फीत पेटत नसेल तर तिचा रंग बघा. काळपट दिसत असेल तर वर ऑक्साइडचा थर बसलाय. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा. 2-3 सेंमीचा तुकडा पुरतो. तो चिमट्यात धरून पेटवा आणि जळताना त्याच्याकडे थेट पाहू नका, डोळ्यांना इजा होते. जळती फीत खाली पडली तर पाणी अजिबात ओतायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. पेटलेलं मॅग्नेशिअम पाण्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतं आणि ज्वलनशील हायड्रोजन मोकळा होतो.

मग तक्रार येते, फितीच्या राखेच्या पाण्यात लाल लिटमस (आम्लारीत निळी होणारी कागदी पट्टी) निळा होत नाही. ही राख म्हणजे मॅग्नेशिअम ऑक्साइड, ते पाण्यात फारच कमी विरघळतं, आणि मुलं त्यावर अर्धं चंचुपात्र पाणी ओततात! राखेवर कोमट पाण्याचे 5-6 थेंबच टाका, काचकांडीने ढवळा, मिनिटभर थांबा आणि मग पट्टी लावा. निळी पट्टी इथे कामाची नाही. ती मिठाच्या पाण्यातही निळीच राहते, त्यामुळे आम्लारी आहे हे सिद्ध होत नाही.

उदासिनीकरणात, म्हणजे मोजलेल्या आम्लात आम्लारी थेंबथेंब सोडून दोघांचा परिणाम संपवण्यात, आकडे जुळत नाहीत, त्याचं मूळ बहुधा विसळण्यात असतं. ब्युरेट (आम्लारी सोडायची तोटीची मापननळी) पाण्याने धुऊन तसाच भरला तर आतल्या पाण्याने सोडिअम हायड्रॉक्साइड ही आम्लारी पातळ होते आणि जास्त लागते. म्हणून ब्युरेट त्याच द्रावणाने दोनदा विसळायचा, पिपेट (आम्ल मोजून घ्यायची नळी) आम्लाने, पण ते आम्ल ज्यात घेतो ते शंकुपात्र फक्त पाण्याने. शंकुपात्र आम्लाने विसळलं तर मोजलेल्या 10 मिलीच्या वर न मोजलेलं आम्ल आत राहतं. तोटीच्या टोकातला हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच घालवा.

फिनॉल्फ्थॅलीन (आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक) आम्लात टाकायचं, त्याचे 2 थेंब बस. पात्राखाली पांढरा कागद ठेवा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. गडद झाला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. नंतर तो फिका पडला तरी आणखी थेंब टाकू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात मिसळतोय. आणि 10 मिली आम्लाला 10 मिलीच आम्लारी लागते हे पाठ करू नका. दोन्ही द्रावणं 0.1 मोलार (म्हणजे एका लिटरमध्ये 0.1 मोल) असताना हायड्रोक्लोरिक आम्लाला 10 मिली लागतं, सल्फ्युरिकला 20, कारण त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो.

चुन्याची निवळी दुधाळ होऊन पुन्हा स्वच्छ झाली तर तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू जास्त सोडलात. आधी बनलेलं कॅल्शिअम कार्बोनेट विरघळणारं बायकार्बोनेट झालंय. दुधाळपणा दिसला की नळी लगेच बाहेर काढा.