सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनचा व्यवसायाला खरा लाभ कसा मिळवावा

एका सर्व्हरवर एकच काम ठेवण्याची पद्धत अनेक कार्यालयांत अजूनही आढळते. हिशेबाची प्रणाली एका यंत्रावर, फाइल्स दुसऱ्यावर आणि डेटाबेस तिसऱ्यावर असतो, आणि या तिन्ही यंत्रांचे प्रोसेसर दिवसाचा बराच वेळ जवळजवळ रिकामे असतात. हायपरव्हायजर हा सॉफ्टवेअरचा थर एकाच यंत्राची साधनसामग्री अनेक आभासी सर्व्हरांमध्ये, म्हणजे स्वतंत्र यंत्रासारखे वागणाऱ्या सॉफ्टवेअर-सर्व्हरांमध्ये, वाटून देतो; यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये मेनफ्रेम या मोठ्या केंद्रीय संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. यंत्रे कमी झाल्याने वीज, वातानुकूलन आणि जागा यांचा खर्च घटतो हे खरे. परंतु माझ्या मते मोठा लाभ, यंत्र बिघडले तरी काम लवकर पूर्ववत होते, हा आहे. नियोजन त्याच दृष्टीने करावे.

प्रथम मोजमाप करावे. सध्याच्या प्रत्येक सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचा वापर किमान एक महिना नोंदवावा, म्हणजे महिनाअखेरीचा ताणही त्यात येईल. केवळ सरासरीवर विसंबू नये. कोणत्या प्रणालींवर एकाच वेळी भार येतो, हे पाहावे. बहुधा प्रोसेसरच्या आधी मेमरी अपुरी पडते.

त्यानंतर क्षमता ठरवताना एक यंत्र बंद पडले आहे असे गृहीत धरावे. प्रत्येकी २५६ जीबी मेमरीची तीन यंत्रे असतील, तर ७६८ जीबी उपलब्ध आहे असे न मानता ५१२ जीबीच आहे असे समजावे आणि त्यातूनही हायपरव्हायजरचा वाटा वजा करावा. पैसे वाचवण्याच्या भरात सर्व प्रणाली एकाच यंत्रावर आणल्या, तर पूर्वी एका बिघाडाने एक काम थांबत असे, तेथे आता सगळेच थांबेल. हा धोका व्यवस्थापनाला खरेदीपूर्वीच स्पष्ट सांगावा.

यंत्रे सामायिक स्टोरेजला, म्हणजे सर्वांना वापरता येणाऱ्या एकाच साठवण यंत्रणेला, जोडलेली असतील, तर बंद पडलेल्या यंत्रावरील आभासी सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर आपोआप सुरू करता येतात. मात्र ते नव्याने सुरू होत असल्याने थोडा खंड पडतोच. नियोजित देखभालीच्या वेळी चालू सर्व्हर न थांबवता दुसरीकडे हलवता येतो, त्यामुळे हार्डवेअरच्या दुरुस्तीसाठी रात्री थांबावे लागत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची त्या क्षणीची स्थिती टिपणारी नोंद, अवश्य घ्यावा, पण त्याला बॅकअप मानू नये: तो मूळ डिस्कवर अवलंबून असतो आणि दीर्घकाळ ठेवल्यास वाढत जाऊन स्टोरेज भरून टाकतो.

परवान्यांचा हिशेब वेगळा मांडावा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून परवाना सामान्यतः भौतिक कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणनाकेंद्रांच्या संख्येवर, आकारला जातो. सर्व कोअर परवानाबद्ध असतील तर स्टँडर्ड आवृत्तीत दोन, तर डेटासेंटर आवृत्तीत अमर्याद आभासी सर्व्हर चालवता येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरव्हायजर बनवणारी कंपनी विकत घेतल्यानंतर तिच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबून वर्गणीची पद्धत आली. त्यामुळे कोणतेही उत्पादन निवडताना, पुढे ते सोडावे लागल्यास केव्हीएम या लिनक्समधील हायपरव्हायजरसारख्या मुक्त-स्रोत पर्यायाकडे आपले सर्व्हर कसे नेता येतील, हे आधीच तपासावे.

स्थलांतर चाचणीच्या सर्व्हरांपासून सुरू करावे आणि डेटाबेस शेवटी हलवावा. नवा सर्व्हर मिनिटांत उभा राहतो, म्हणून अनावश्यक सर्व्हरही झपाट्याने साचतात. प्रत्येकाचा जबाबदार माणूस आणि पुनर्विचाराची तारीख नोंदवून ठेवावी.

सर्व काही स्थिरावल्यावर, पूर्वसूचना देऊन, एखाद्या सुटीच्या दिवशी एक यंत्र मुद्दाम बंद करावे आणि सर्व सेवा पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. व्यवस्थापनाला द्यायच्या अहवालात हाच आकडा सर्वांत वर लिहावा, खर्चातील बचत त्याखाली.