अमेरिकेतून नागपुरात म्हातारपण काढायला येताय?

कागदोपत्री आपण इथे परदेशी आहोत, हे आधी डोक्यात पक्कं करा. जन्म महालातला असो की धरमपेठेतला, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हाच भारताचं सुटलं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर हवं तितकं राहता येतं, परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी लागत नाही. पण मत देता येत नाही, आणि शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा उमरेड रोडच्या फार्महाऊसची जाहिरात पाहून भाच्याच्या हाती इसार पाठवू नका.

पैशाचं पटकन उरकते. अमेरिकी नागरिक कुठेही राहिला तरी तिकडचं रिटर्न सुटत नाही. इथल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरायचा. सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडची सरकारी पेन्शन, इथेही मिळते. मात्र हयातीची विचारणा करणारा फॉर्म पोस्टाने आला की भरून पाठवा, नाहीतर पैसे थांबतात. म्युच्युअल फंडवाला घरी आला तर चहा पाजून वाटेला लावा, इथल्या फंडांवरचा तिकडचा हिशेब फार किचकट आहे. दोन्हीकडचं कळणारा सीए शोधा, फी जास्त वाटली तरी द्या. तिकडचा फोन नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात.

आता घराचं. आधी भाड्याने राहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघू द्या. लहानपणच्या गल्लीत घर घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्या दिसायला देखण्या, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पावसाने तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या घरांत पाणी शिरलं. दलाल हे सांगत नसतो. शेजारच्या काकूंना विचारा, "तेव्हा पाणी कुठवर आलं होतं जी?" त्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. तळमजला टाळावा तर जिना येतो, आणि जुन्या फ्लॅट स्कीममध्ये लिफ्ट नसते. मी तरी लिफ्ट, लिफ्टला जनरेटर आणि धंतोली-रामदासपेठचे दवाखाने जवळ, एवढंच बघेन. विमानतळाजवळ मिहानकडे राहायचं तर एम्स जवळ पडतं. शहराबाहेर बेसाच्या पुढचा बंगला ऐसपैस असतो खरा, पण ह्यांना गाडी चालवता येते तोवर ठीक. नंतर मी तिथून भाजीला कशी जाणार?

दुखण्याखुपण्याला मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, इथे कामाचं नाही; अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे ते साधारणपणे देत नाही. त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा हप्त्याचा भाग, बंद करायचा की हप्ते भरत राहायचे, हे परत जायची शक्यता किती त्यावर ठरवा, कारण मागाहून घेतला तर उशिराच्या दर १२ महिन्यांमागे १० टक्के दंड कायमचा लागतो. इथे आरोग्य विमा ६५ नंतरही काढता येतो, २०२४ पासून वयाची ती अट गेली. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून आल्याआल्याच काढा.

ऊन मात्र नुसतं सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या. मार्च संपायच्या आत कूलरवाल्याला बोलवा, एप्रिलात तो फोन उचलत नाही. तो जुनं गवत उपटतो, टाकीतला गाळ खरवडतो, पंप पाण्यात धरून बघतो आणि मग नवीन वाळ्याच्या ताट्या बसवतो. त्या ओल्या झाल्या की घरभर सुटणाऱ्या वासासाठी तरी कूलर घ्यावा, एसी असला तरी. टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढायचं, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच पोसतात. पावसाळ्यात कूलर बंद, नुसती चिकचिक होते. फिरायला सकाळी सातच्या आत. उतारवयात तहान लागलेली कळत नाही, आणि बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी डोसचं बोलून घ्या.

माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे दोघांपैकी एकच उरलं तर काय, याची तयारी. आमच्यासारख्या बहुतेक घरांत पासवर्ड ह्यांच्या डोक्यात आणि औषधांच्या वेळा माझ्या. दोन्ही एका वहीत उतरवा. बँक खातं दोघांच्या नावाने, दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं. इथल्या मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मुलाला दिलेलं मुखत्यारपत्र माणूस गेला की संपतं, त्यावर विसंबू नका. व्हेंटिलेटर नको असेल तर तसं आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत महापालिकेत करायची, आणि अमेरिकी नागरिक असेल तर मुंबईच्या वकिलातीलाही कळवायचं. त्यांच्याकडून मिळणारा दाखला तिकडच्या बँकांना लागतो. मुलं हा विषय काढला की फोन ठेवतात. पुन्हा लावा.

नातेवाईक पहिले सहा महिने पाहुणे समजून पुरणपोळी वाढतात, नंतर विसरतात. अंबाझरीवर सकाळी फिरणाऱ्यांचा एखादा गट पकडा, मात्र दर वाक्य "तिकडे अमेरिकेत" असं सुरू केलंत तर गट तुम्हाला टाळेल.

यायचं तर नोव्हेंबरात या, थंडीत सामान लावून होतं. फक्त संक्रांतीच्या आसपास दुचाकीवर बसू नका. बंदी असूनही नायलॉन मांजा उडतोच आणि गळे कापतो. निघायलाच लागलं तर ऑटो करा.