दोन रबरांचा सांधा: प्रेस शॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा संपला आणि मी वाळूजच्या एमआयडीसीत रबर मोल्डिंगच्या कामाला लागलो. दोन थर एकावर एक ठेवायचे, ताप आणि दाब द्यायचा, की ते चिकटणारच, असं मला वाटायचं.

पहिल्याच महिन्यात एक गॅस्केट हाती आलं. आतला थर तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचा, बाहेरचा उन्हाला आणि ओझोनला टिकणाऱ्या ईपीडीएम रबराचा. १५० अंशांवर १० मिनिटं ठेवून काढलेला नग दिसायला झकास होता. नखाने कड उचलली, तर फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अख्खा थर हातात आला. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत, एकाचा कणही दुसऱ्याला लागलेला नाही. मी दाब वाढवला, तर नुसती फ्लॅश, म्हणजे साच्याबाहेर येणारं जादा रबर, जास्त निघाली.

मिलवरचे, म्हणजे रबर मळायच्या यंत्रावरचे, मामा म्हणाले, "लेकरा, प्रेसला काहून दोष देतो? दोघांचं सूतच जुळंना."

ते अगदी खरं होतं. गंधक घातलेलं रबर तापलं की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना गाठींनी बांधल्या जातात. गुडइयरने १८३९ साली हेच शोधलं. जोड हवा असेल तर या गाठी सांध्याच्या अल्याड-पल्याड पडायला हव्यात, आणि त्यासाठी मिळतात फक्त दोन्ही थर मऊ असतानाची काही मिनिटं. एक आधी शिजला की त्याच्याकडे गाठ मारायला जागाच उरत नाही. नायट्राइल ध्रुवीय, ईपीडीएम अध्रुवीय, म्हणून दोघं एकमेकांत सहज मिसळत नाहीत. त्यातून गंधक आणि ॲक्सिलरेटर (गाठी लवकर पाडणारं रसायन) नायट्राइलकडे ओढले जातात आणि ईपीडीएमची कड उपाशी राहते. म्हणून नवं काम आलं की आधी दोन्ही कंपाउंडचे (रसायनं मिसळलेल्या कच्च्या रबराचे) रिओमीटरचे आलेख शेजारी ठेवून बघा; रबर किती वेळात शिजतं ते हे यंत्र दाखवतं. टी-९० मध्ये, म्हणजे ९० टक्के शिजायला लागणाऱ्या वेळेत, मोठं अंतर असेल तर प्रेस चालू करण्याआधी कंपाउंडवाल्यांशी बोला. आमच्याकडे शेवटी दोन्ही थर पेरॉक्साइड क्युअरवर नेले, म्हणजे गंधकाऐवजी पेरॉक्साइडने शिजवले, वेळा जुळवल्या, तेव्हा सांधा धरू लागला.

दुसरा शत्रू आपल्या हवेतला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली कच्चं कंपाउंड ठेवलं तर ते साच्यात जाण्याआधीच हळूहळू पिकू लागतं. गंधक वर येऊन राखट पांढरी झाक धरते. ती टोल्युइनने पुसा, पण ओल पूर्ण उडू द्या, नाहीतर वाफ अडकून सांध्यात फोड येतात. पावसाळ्यात दमटपणानेही तेच होतं. पुसलेल्या जागेला बोट लावू नका. हाताचं तेल किंवा टाल्कची चिमूट एवढंही पुरतं. टोल्युइन पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते, तेव्हा एक्झॉस्ट चालू ठेवूनच काम करा.

तापमान १० अंशांनी वाढवलं की क्युअरची वेळ ढोबळमानाने निम्मी होते. घाईत हा मोह सगळ्यांना होतो. पण जाड नगात बाहेरचा थर करपतो आणि आतला सांधा कच्चा राहतो. हवा अडकू नये म्हणून सुरुवातीला प्रेस दोन-तीनदा उघडझाप करा.

शिकायचं असेल तर ठाण्यात रबराचीच एक संशोधन संस्था आहे; तिला पूर्वी इरमरा म्हणत. मात्र रोजची परीक्षा टेबलावरच होते. पहिल्या नगाची २५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा, कड सोडवा आणि ओढा. आमच्या त्या गॅस्केटची पट्टी पुढे जेव्हा फाटली, तेव्हा सांधा जागच्या जागी होता. ईपीडीएम स्वतःच्या अंगातून तुटलं होतं आणि नायट्राइलवर त्याचे खरबरीत तुकडे घट्ट चिकटून होते. ती पट्टी मामांनी आपल्या डब्यात जपून ठेवली.