भोपळ्याची पानं बिघडली की लगेच औषध मारू नका, आधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा, पाऊस सुरू झाला की परसात आणि टेरेसवरच्या कुंड्यांत भोपळा, दुधी, दोडका लावतात, हल्ली झुकिनीचं बी पण सहज मिळतंय. महिनाभर वेल जोरात पळतो आणि मग पानांवर काहीतरी दिसायला लागतं. लगेच प्रश्न येतो, "पानं पिवळी पडूलालीत, काय मारू?" अहो, काय मारू हे नंतर, आधी काय झालंय ते बघा. नवीन माणसाचे वेल रोगानं कमी जातात आणि चुकीच्या औषधानं जास्त, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पहिली चूक, पान फक्त वरूनच बघणं. पान उलटा. बहुतेक सगळी भानगड खालच्या बाजूला असते. मावा म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पांढरी माशी, अंडी, बुरशी सगळं तिथंच लपतं. सकाळी वेलाजवळ गेलात की दोनचार पानं उलटून बघायची सवय लावा, एक जुनं, एक मधलं, एक शेंड्याजवळचं. खराबी जुन्या पानापासून सुरू झालीय की कोवळ्या, एवढं कळलं तरी अर्धं निदान झालं.

आता भुरी आणि केवडा हे पानांवरचे दोन रोग, इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. भुरी म्हणजे पानावर पिठासारखे पांढरे ठिपके, मग ते पसरत पसरत सगळं पान पांढरं होतं. हिला पान ओलं असावंच लागत नाही, उलट पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला दिवसा कोरडं, रात्री गारवा आणि दव असलं की ती जोर धरते, त्यात दाट सावली आणि वेलांची गर्दी असेल तर बघायलाच नको. केवडा वेगळा. तो भर पावसात येतो, पान तासन्तास ओलं राहिलं की येतो. वरून पिवळे कोनदार डाग, शिरांच्या मध्येच अडकलेले, जणू कुणी पट्टी लावून आखलेत, आणि पहाटे पान उलटून बघितलं तर त्याच डागाच्या मागं करडी-जांभळट लव दिसते. खानापूर, कणकुंबीकडं पाऊस जास्त म्हणून तिकडं पावसाळ्यात आधी केवड्याचा संशय घ्या, अथणीकडं कोरडं म्हणून तिथं भुरीचा. दोन्हीचं औषध एक नाही. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर फारसं नाही, आणि लोक नेमकं उलटं करतात.

झुकिनीच्या बाबतीत अजून एक फसगत होते. तिच्या बऱ्याच जातींच्या पानावर शिरांच्या बेचक्यात चंदेरी चट्टे जन्मतःच असतात, काही भोपळ्यांच्या पानावरही असतात. तो रोग नाही. बोटानं चोळून बघा, पांढरं बोटाला लागलं तर भुरी, नाही लागलं तर पान निरोगी आहे, हात जोडून सोडून द्या. फक्त शिरा पांढुरक्या होऊन मग सगळं नवीन पानच चांदीसारखं होत असेल तर पांढरी माशी शोधा, तिच्या पिल्लांच्या रस शोषण्यानं तसं होतं.

भुरी अगदी सुरुवातीला असेल तर घरच्या वेलाला दुधाचा उपाय करून बघण्यासारखा आहे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ वॅग्नर बेत्तिओल यांनी ग्रीनहाऊसमधल्या झुकिनीवर गाईचं दूध फवारून भुरी आटोक्यात येते असं दाखवलं, त्यांचा निबंध १९९९ साली छापून आला. एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी, आठवड्याला एकदा, पानाच्या दोन्ही बाजूंनी. सगळा वेल पांढरा झाल्यावर मात्र दूध मारून काही होत नाही. गंधक मारायचं असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढंच घ्या, आधी एकाच पानावर करून बघा कारण या वेलवर्गाला गंधक सोसत नाही असं कधी कधी होतं, आणि ऊन ३२ अंशांच्या वर असताना तर नकोच. कडुलिंबाचं तेल मारल्यावर निदान दोन आठवडे गंधकाला हात लावू नका, दोन्ही मिळून पानं करपवतात.

दुपारी पानं माना टाकतात म्हणून पाणी ओतणं, ही चूक तर घराघरात होते. भोपळ्याचं पान एवढं मोठं, उन्हात त्यातनं पाणी जेवढ्या वेगानं उडतं तेवढ्या वेगानं मूळ देऊ शकत नाही. संध्याकाळी परत ताठ झालं तर वेल ठीक आहे. सकाळी सुद्धा लोळलेलं असेल तर मात्र मातीत बोट घालून बघा, कोरडी असेल तर पाणी द्या, ओली असून लोळतंय तर मूळ कुजतंय किंवा देठाजवळ काहीतरी पोखरतंय. काळ्या जमिनीत पाणी साठतं, तिथं वरंब्यावर लावलेलं बरं. पाणी नेहमी बुडाशी आणि सकाळी, पाइपानं पानावर फवारा मारू नका.

लाल भुंगे म्हणजे बी उगवल्याबरोबर दोन पानांची चाळण करणारे नारिंगी-लाल किडे. यांना औषधाची घाई नको, पहाटे ते सुस्त असतात, साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन हातानं वेचून टाका आणि रोप लहान असेपर्यंत जाळी किंवा जुनी पातळ ओढणी टाकून ठेवा, फुलं आली की ते झाकण काढा. त्यांच्या अळ्या मुळं खातात, म्हणून तिथंच परत परत भोपळा लावू नका. नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती दोनचार पानं तोडा, बस्स.

पानं आक्रसलेली, गडद-फिक्या हिरव्या ठिपक्यांची, शेंडा गोळा झालेला, हा विषाणू. याला औषध नाही. मावा आणि पांढरी माशी तो एका वेलावरनं दुसऱ्यावर नेतात, त्यामुळं जीव तुटला तरी वेल उपटा, लांब नेऊन जाळा किंवा पुरा आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या वेलाला शिवू नका.

खालची एकदोन पानं सगळीच्या सगळी पिवळी, वरची हिरवी, तर बहुतेक नत्र म्हणजे नायट्रोजन कमी, पावसानं वाहून जातं. कुजलेलं शेणखत द्या. जुन्या पानात शिरा हिरव्या आणि मधे पिवळं असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय का बघा. यावर बुरशीनाशक मारणारे बघितले की खरंच वाईट वाटतं, पैसे जातात आणि वेलही.

फवारणी काहीही असो, संध्याकाळी करा. भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, मधमाशा तेव्हाच येतात, त्या मेल्या तर फळ धरणारच नाही. आणि दुकानात "सगळ्यावर चालतं" म्हणून दोन बाटल्या मिसळून दिल्या तर घेऊ नका, घरच्या पोरांच्या ताटात जाणारी भाजी आहे ती, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलावर वाचा.

समजतच नसेल तर पान कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकमधे नको, घाम सुटून कुजतं, जवळच्या रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात न्या, नाहीतर बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात. देठासकट न्या, वरचं आणि खालचं दोन्ही. फळं पूर्ण भरलेली, देठ सुकायला लागलेला आणि तेव्हा पानं पिवळी पडत असतील तर कुठंच नेऊ नका, वेलाचं वय झालंय, भोपळे उतरवून घ्या.