आधी दोन मिनिटं, नंतर पाच: कराटेच्या सरावात मोकुसो कसं करावं

ठाण्या-नवी मुंबईतल्या अनेक कराटे क्लासमध्ये रोज हेच चालतं. रांग लागते, ‘सेइझा’ म्हटलं की सगळे गुडघ्यांवर बसतात, ‘मोकुसो’ म्हटलं की डोळे मिटतात आणि मग ‘यामे’ची, म्हणजे ‘थांबा’ची, वाट बघतात. दहा-पंधरा सेकंद, संपलं. सराव झाल्यावर पुन्हा तेच, फक्त धापा टाकत.

मोकुसो म्हणजे मूक चिंतन. ज्युदो आणि आयकिदोच्या वर्गांतही हा शब्द ऐकू येतो. पण आधीचं बसणं वेगळ्या कामासाठी असतं आणि नंतरचं वेगळ्या. आधी मनाला हॉलमध्ये आणायचं असतं, झोपवायचं नसतं. नंतर शरीर शांत करायचं असतं आणि आज काय शिकलो ते पक्कं करायचं असतं. दोन्ही वेळा एकच रीत वापरली तर यातलं एकही काम होत नाही.

ही काही फक्त जपानी गोष्ट नाही. आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावून मारुतीरायाला नमस्कार केल्याशिवाय आपल्याकडे पैलवानही खडाखडी सुरू करत नाही. शोतोकान कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी कराटेसाठी २० सूत्रं लिहिली. कराटेची सुरुवात आणि शेवट ‘रेई’ने, म्हणजे आदराने वाकून, व्हावा हे त्यांतलं पहिलंच.

बसण्याआधी

सातचा क्लास असेल तर पावणेसातला पोचा. ट्रेनमधून उतरून, शेअर रिक्षाची रांग लावून, जिना धावत चढून थेट सेइझात बसलात तर ती दोन मिनिटं श्वास आवरण्यातच जातात. फोन सायलेंट करून बॅगेत ठेवा. खिशात नको, कारण थरथरला की सगळं लक्ष मांडीवर जातं. जेवण दोन तास आधी झालेलं असावं. भूक असेल तर पाऊण तास आधी एक केळं खा. स्टेशनबाहेरचा वडापाव खाऊन पुढे वाकलं की तो घशाशी येतो.

सोसायटी हॉलची लादी पावसाळ्यात ओलसर असते. जिगसॉ मॅट असेल तर उत्तम, नसेल तर टॉवेलची चौपदरी घडी गुडघ्यांखाली घ्या.

पाय कसे ठेवायचे

उभ्याने आधी डावा गुडघा टेका, मग उजवा. उठताना उलटं, आधी उजवा पाय पुढे. पाठ ताठ ठेवून टाचांवर बसा, पायाचे अंगठे एकमेकांना टेकलेले किंवा एकावर एक. दोन गुडघ्यांत साधारण दोन मुठींचं अंतर. बायका बहुतेक ठिकाणी ते कमी ठेवतात. वज्रासनाची सवय असेल तर पहिल्या दिवसापासून जमेल.

पायाला मुंग्या येणं ही नवख्यांची सर्वांत मोठी तक्रार, आणि ती नुसती सोसून भागत नाही. शरीराचा भार घोट्यावर आणि पोटरीवर येतो, तिथल्या रक्तवाहिन्या आणि नसा दाबल्या जातात. पाऊल बधिर झालं की ते जमिनीवर कसं टेकलंय हेच कळत नाही. त्याच अवस्थेत उठून पहिली किक मारली तर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. सरावाआधी दोन मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, याचं निम्मं कारण हेच आहे.

‘यामे’ झाल्यावर लगेच उभं राहू नका. पायांची बोटं आत वळवून चवड्यांवर या, टाचांवर बसून वीस-तीस सेकंद थांबा, जाणीव परत आली की उठा. टाच आणि बैठक यांच्यामध्ये छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवली तर भार बराच कमी होतो. गुडघ्यात जुनं दुखणं असेल तर सरळ मांडी घालून बसा किंवा खुर्ची घ्या. मोकुसो पायांत नसतं. गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली तर ‘सहन करायला शीक’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

हात आणि श्वास

हात मांडीवर पालथे ठेवले तरी चालतात. पण एक रीत जास्त उपयोगी पडते. उजव्या तळव्यावर डावा तळवा, दोन्ही उताणे, आणि अंगठ्यांची टोकं एकमेकांना हलकेच टेकलेली, मधे कागद अडकावा इतकीच. लंबगोल आकार तयार होतो. हात बेंबीच्या खाली पोटाशी. मन भरकटलं, डुलकी आली की अंगठे ढिले पडून खाली घसरतात. कपाळावर आठ्या घालून जोर लावलात तर ते एकमेकांना दाबून वर टोक काढतात. झेन परंपरेत सांगतात तसं, तिथे ना डोंगर हवा ना दरी. कुणी बाहेरून टोकायची गरज उरत नाही.

डोळे पूर्ण मिटू नका. अर्धवट उघडे ठेवा, नजर दीड-दोन हातांवर जमिनीवर. डोळे गच्च मिटले की ऑफिसचा मेल, घराचा हप्ता, सगळं एकामागून एक समोर येतं.

श्वास नाकाने. बेंबीखाली तीन बोटांवर, ज्याला तांदेन म्हणतात, तिथे पोट किंचित फुगू द्या. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. असा एक श्वास साधारण दहा सेकंदांचा होतो. बाहेरचा श्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते, म्हणून तोच मोठा ठेवायचा. श्वास रोखून धरू नका, आणि ‘खोल श्वास’ म्हणून छाती फुगवत भराभर घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डोकं हलकं होतं. चक्कर आली तर श्वास मोजणं सोडा, नेहमीसारखा चालू द्या.

सरावाआधी: दोन मिनिटं

पहिलं मिनिट सहा श्वास, प्रत्येक बाहेरच्या श्वासाला एक आकडा. आकडा चुकला तर पुन्हा एकपासून. चुकणारच, त्यात काही वाईट नाही.

दुसऱ्या मिनिटात आजची एकच गोष्ट ठरवा. ‘आज नीट करीन’ हे ठरवणं नव्हे. ‘मावाशी-गेरी (गोल फिरवून मारायची किक) मारताना टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे फिरली पाहिजे’ हे ठरवणं. शरीराला कळेल असं वाक्य हवं. शेवटचे तीन श्वास जरा जोमाने, चार आत, चार बाहेर, डोळे पूर्ण उघडून. इथे ढिलं पडून गेलात तर वॉर्म-अपमध्ये हातपाय जड वाटतात.

शेजारी नवरात्रीची गरबा प्रॅक्टिस सुरू असेल, घोडबंदर रोडवर हॉर्न वाजत असतील, तर ‘मन लागत नाही’ म्हणून चिडू नका. आवाज आला, त्याला मनात ‘आवाज’ म्हणा आणि पुढच्या आकड्यावर या. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला पहाटे बसलात तर शांतता मिळेल, पण कुमितेमध्ये, म्हणजे जोडीदाराशी लढतीत, शांतता नसते.

सरावानंतर: पाच मिनिटं, पण लगेच नाही

सगळ्यात जास्त चूक इथे होते. जोरदार कुमितेनंतर पाय थांबले की रक्त पायांतच साचतं, मेंदूकडे कमी जातं, आणि एकदम बसणाऱ्या-उठणाऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी तीन-चार मिनिटं हॉलभर चाला. दोन-तीन घोट पाणी प्या. कपाळाचा, मानेचा घाम पुसा. पंख्याखाली ओल्या गीने, म्हणजे कराटेच्या पोशाखाने, बसू नका, मे महिन्यातसुद्धा पाठ आखडते. बसायची वेळ झाली का, हे ओळखायची साधी खूण अशी: एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे.

मग बसा. पहिली दोन मिनिटं चार-सहाचा श्वास. पुढची दोन मिनिटं आजचं एक काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, मनात चालवा, हात न हलवता, खऱ्या वेगाने. हेइआन शोदान हे नवख्यांचं काता घ्या. त्यात २१ हालचाली. नवव्या हालचालीला कियाई, म्हणजे जोराची आरोळी, होते आणि लगेच २७० अंशांचं वळण. मनात चालवताना चित्र बरोबर तिथेच धूसर होतं, असा नवख्यांचा साधारण अनुभव. जिथे धूसर होतं, तिथेच शरीराला ते अजून आलेलं नाही. पुढच्या वेळी तेवढाच तुकडा दहा वेळा करा, अख्खं काता नव्हे.

शेवटचं मिनिट काही करू नका. कुमितेमध्ये कुणाचा फटका लागून राग आला असेल तर तो इथे वर येतो. येऊ द्या. त्याचा हिशेब मांडू नका, फक्त श्वास बाहेर सोडताना खांदे खाली येतात का ते बघा. बाहेर पडताना त्या सोबत्याला दोन शब्द बोलता आले तर बरं.

लहान मुलांसाठी

पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं बसवणं म्हणजे त्याला मोकुसोचा कंटाळा शिकवणं. आधी पाच श्वास, नंतर पाच श्वास, पोटावर हात ठेवून, बस. दहा-बारा वर्षांच्या मुलांना एक मिनिट जमतं. दाराशी मोबाइल धरून उभ्या असलेल्या पालकांना मात्र त्या वेळी बाहेर थांबायला सांगा. आई व्हिडिओ काढतेय हे कळलं की मुलाचे डोळे दाराकडेच राहतात.

फोन चप्पल घातल्यावर उघडा. त्याआधी वहीत तारीख आणि काता जिथे अडखळलं ती एक ओळ लिहा. पुढच्या क्लासला दुसऱ्या मिनिटात काय ठरवायचं ते तिथूनच मिळतं.